१९५० चा बिग टेन सीझन कसा वाचायचा: जुन्या कॉलेज फुटबॉलचं टेबल उलगडायची पद्धत

अ‍ॅन आर्बर, कोलंबस, अर्बाना-शँपेन, वेस्ट लफायेट, अमेरिकेतल्या या गावांमध्ये आपली बरीच मराठी पोरं एमएस, पीएचडी करायला गेलेली आहेत आणि तिथं राहिलेल्या कुणालाही विचारा, शरद ऋतूतल्या शनिवारी अख्खं गाव स्टेडियमच्या दिशेनं का निघतं ते तो सांगेल. आजच्या मॅचेस कळायला फार त्रास होत नाही, टीव्हीवर सगळं समजावून सांगतात. पण याच खेळाचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा एखादा सीझन समजून घ्यायचा म्हटलं की समोर येतं एक टेबल, नऊ-दहा नावं, त्यापुढे आकडे, आणि बस. त्या आकड्यांतून सीझन बाहेर कसा काढायचा ते इथं सांगतोय. उदाहरण म्हणून १९५० चा बिग टेन घेतलाय (बिग टेन ही एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट), कारण माझ्या मते पद्धत शिकायला याच्यापेक्षा चांगला सीझन नाही. चॅम्पियन झालेली टीम नऊपैकी तीन मॅच हरलेली, एक बरोबरीत, आणि टेबलच्या तळातल्या टीमनं त्या काळातल्या सगळ्यात भारी टीमला पाडलेलं, हे सगळं एकाच वर्षात.

सगळ्यात आधी, टेबल वरून खाली वाचायला जाऊ नका. पहिलं काम म्हणजे टीम मोजायच्या. नाव बिग टेन असलं तरी १९५० मध्ये फुटबॉल खेळणाऱ्या टीम नऊच होत्या: मिशिगन, ओहायो स्टेट, विस्कॉन्सिन, इलिनॉय, नॉर्थवेस्टर्न, आयोवा, मिनेसोटा, इंडियाना आणि परड्यू. शिकागो युनिव्हर्सिटीनं १९३९ च्या सीझननंतर फुटबॉल बंदच केला आणि १९४६ मध्ये ती कॉन्फरन्समधून बाहेर पडली, तिच्या जागी आलेली मिशिगन स्टेट फुटबॉलच्या टेबलात दिसते ती १९५३ पासून. त्यामुळे त्या वर्षांतल्या पेपरांत कुठं बिग नाईन लिहिलेलं सापडेल, कुठं वेस्टर्न कॉन्फरन्स, तर गोंधळू नका, गोष्ट एकच आहे. आणि मिशिगन स्टेट अजून फुटबॉलच्या टेबलात आलेली नव्हती हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणारे.

आता टेबल. कॉन्फरन्समधल्या मॅचेसचा हिशोब, जिंकल्या-हरल्या-बरोबरी या क्रमानं, असा आहे: मिशिगन ४-१-१, ओहायो स्टेट ५-२, विस्कॉन्सिन ५-२, इलिनॉय ४-२, नॉर्थवेस्टर्न ३-३, आयोवा २-४, मिनेसोटा १-४-१, इंडियाना १-४, परड्यू १-४. हे कुठूनही उतरवून घेतलं की लगेच एक चेक करायचा. सगळे विजय बेरीज करा, सगळे पराभव बेरीज करा, दोन्ही सारखे यायला हवेत कारण एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. इथं दोन्हीकडे २६ येतात. बरोबरीचा आकडा नेहमी सम हवा, इथं २ आहे म्हणजे एकच मॅच बरोबरीत सुटली, मिशिगन आणि मिनेसोटाची ७-७. जुन्या टेबलांत छपाईच्या चुका असतात, दोन मिनिटांच्या या बेरजेनं त्या लगेच पकडल्या जातात.

मग प्रश्न येतो की ओहायो स्टेटनं पाच जिंकल्या, मिशिगननं चारच, तरी मिशिगन वर कशी. आयपीएलच्या लीगमध्ये सगळे सारख्याच मॅच खेळतात म्हणून नुसते पॉईंट मोजले की झालं, इथं तसं नाही. ओहायो स्टेट आणि विस्कॉन्सिन कॉन्फरन्समध्ये सात खेळल्या, मिशिगन सहा, इंडियाना आणि परड्यू तर पाचच, कारण कोण कुणाशी खेळणार ते आधीपासून ठरलेलं असायचं आणि बाकीच्या तारखा बाहेरच्या टीमना दिलेल्या असायच्या. म्हणून क्रम लागतो तो टक्केवारीनं. ओहायो स्टेटचे सातात पाच म्हणजे .७१४. मिशिगनची बरोबरी सोडून दिली तर पाचात चार, .८००, आणि बरोबरीला अर्धा विजय धरला तर सहात साडेचार, .७५०. कुठल्याही पद्धतीनं केलं तरी मिशिगनच पुढे. इलिनॉय .६६७. जुनं टेबल वाचताना दोन्ही पद्धतीनं काढून बघायची सवय लावा, काही सीझनमध्ये यानंच क्रम बदलतो.

बरोबरी हा प्रकार तेव्हा नेहमीचा होता हेही लक्षात घ्या. आजच्यासारखा ओव्हरटाइम नव्हता, तो वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सरसकट आला १९९६ मध्ये. टचडाउनचे (बॉल समोरच्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की) सहा, त्यानंतरच्या किकचा एक, फील्ड गोलचे (बॉल लाथेनं खांबांमधून मारला की) तीन, सेफ्टीचे (समोरची टीम बॉलसकट स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकली की) दोन, हे होतं, पण टचडाउननंतर दोन पॉईंटचा प्रयत्न करायची सोय १९५८ मध्ये आली. म्हणजे ७-७ वर अडकलात की बाहेर पडायचा रस्ता आजच्यापेक्षा अरुंद. स्कोअर वाचताना हे लागतं. १४-७ दिसलं की दोन टचडाउन विरुद्ध एक. ९-३ दिसलं की थांबायचं, कारण ९ सरळ मार्गानं येत नाहीत, तिथं काहीतरी घडलेलं असतं. या सीझनची चावी नेमकी त्या ९-३ मध्ये आहे, तिकडे येऊच.

पुढचं काम कॉन्फरन्सबाहेरच्या मॅचेस बघायचं. टेबलात त्या दिसत नाहीत आणि म्हणूनच टेबलावर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही. मिशिगनचं पूर्ण वर्ष काढून ठेवलं तर असं दिसतं: सुरुवातीलाच मिशिगन स्टेटकडून घरच्या मैदानावर ७-१४ हरली, डार्टमाउथला २७-७ हरवलं, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर आर्मीकडून ६-२७ असा मार खाल्ला, मग विस्कॉन्सिनला २६-१३, मिनेसोटाशी ७-७, इलिनॉयकडून ०-७ हार, इंडियानाला २०-७, नॉर्थवेस्टर्नला ३४-२३, आणि शेवटी ओहायो स्टेटला ९-३. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इलिनॉयकडून हरल्यावर या टीमकडे सहापैकी दोनच विजय होते. कोच बेनी ऊस्टरबान. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं की हीच टीम रोझ बोलला, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचला, जाणार तर पटलं नसतं.

आणि तळाकडे बघायला विसरू नका, मला तर तिथंच जास्त मजा येते. परड्यू कॉन्फरन्समध्ये १-४, पूर्ण सीझनमध्ये फक्त दोन विजय. पण त्यातला एक ७ ऑक्टोबरचा, नोटर डेमविरुद्ध, २८-१४, आणि नोटर डेम त्याआधी ३९ मॅच हरलेली नव्हती. चार वर्षं कुणाला न जमलेली गोष्ट शेवटच्या नंबरच्या टीमनं केली. इंडियाना, तीही १-४ वाली, तिनंही त्याच वर्षी नोटर डेमला २०-७ हरवलं आणि आयोवानं १४-१४ बरोबरीत रोखलं. आता सांगा, नुसतं टेबल बघून यातलं काय कळलं असतं? म्हणून तळातल्या प्रत्येक टीमचा पूर्ण निकाल एकदा तरी काढायचाच.

आता सीझनचा नियम, जो माहीत नसेल तर सगळा हिशोबच चुकतो. तेव्हा बिग टेनच्या टीमला सीझननंतर एकच बोल खेळायची परवानगी होती, कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला नववर्षाच्या दिवशी होणारा रोझ बोल, बाकी कुठलाही नाही. आणि १९४६ मध्ये झालेल्या करारानंतर कॉन्फरन्सनं असं ठरवलेलं की एकच टीम तीन वर्षांत दुसऱ्यांदा जाणार नाही. जानेवारी १९४७ ला इलिनॉय गेली, १९४८ ला मिशिगन, १९४९ ला नॉर्थवेस्टर्न, १९५० ला ओहायो स्टेट. म्हणजे १९५० च्या सीझनमध्ये ओहायो स्टेट कॉन्फरन्स जिंकू शकत होती पण रोझ बोलला जाऊ शकत नव्हती. टेबलाच्या शेजारी पेन्सिलनं प्रत्येक टीमपुढे ‘जाऊ शकते’ किंवा ‘नाही’ असं लिहून ठेवा, ही एक खूण शंभर शंका मिटवते.

एवढं झालं की मग माझी आवडती पायरी: शेवटच्या शनिवारच्या आधीचं टेबल स्वतः बांधायचं. शेवटच्या निकालावरून मागे जायचं, त्या दिवशीच्या मॅचेस वजा करायच्या. २५ नोव्हेंबर १९५० च्या सकाळी ओहायो स्टेट ५-१, इलिनॉय ४-१, मिशिगन ३-१-१. आधीच्याच शनिवारी इलिनॉयनं ओहायो स्टेटला १४-७ पाडलेलं, नाहीतर सगळं तिथंच संपलं असतं. आता शक्यता मांडा. ओहायो स्टेट जिंकली तर ६-१, .८५७, मग बाकी कुणी काहीही करो चॅम्पियन तीच. ओहायो स्टेट हरली आणि इलिनॉयनं नॉर्थवेस्टर्नला हरवलं तर इलिनॉय ५-१, .८३३, चॅम्पियन आणि रोझ बोल दोन्ही. मिशिगनला काही मिळायचं असेल तर स्वतः कोलंबसला जाऊन जिंकायचं आणि वर तिकडे दुसऱ्या मैदानावर नॉर्थवेस्टर्ननं इलिनॉयला हरवायचं, दोन्ही गोष्टी एकाच दुपारी. ही मांडणी कागदावर करून बघा मग त्या दिवसाचे निकाल वाचा, वाचण्यात फरक पडतो. नॉर्थवेस्टर्न १४, इलिनॉय ७. मिशिगन ९, ओहायो स्टेट ३.

आणि इथं त्या ९-३ कडे जवळून बघायचं. जुन्या मॅचचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकडेवारीचा चौकोन, कसा वाचायचा ते शिकायला यासारखं दुसरं उदाहरण नाही. चौकोनात मिशिगनच्या नावापुढे फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाऊन मिळवलेली नवी संधी, ०. पास ९ टाकले, पूर्ण झाले ०. एकूण चाल २७ यार्ड. ओहायो स्टेटची फर्स्ट डाउन ३, एकूण ४१ यार्ड. पंट, म्हणजे बॉल लाथेनं दूर प्रतिस्पर्ध्याकडे पाठवून देणं, मिशिगनच्या चक ऑर्टमननं २४ वेळा केला, ओहायो स्टेटच्या विक जॅनोविचनं २१ वेळा. एका मॅचमध्ये ४५ पंट. जिंकणाऱ्या टीमनं एकदाही दहा यार्ड पुढे जाऊन नवी संधी मिळवली नाही आणि तरी ती जिंकली.

असे आकडे दिसले की पहिला प्रश्न हवामानाचा विचारायचा. त्या दिवशी पूर्व अमेरिकेवर बर्फाचं प्रचंड वादळ होतं, आजही त्याची गणना तिथल्या मोठ्या वादळांत होते. कोलंबसला तापमान उणे बारा सेल्सियसच्या आसपास, वर सोसाट्याचा वारा, मैदानावर घातलेलं ताडपत्रीचं आच्छादन गोठून जमिनीला चिकटलेलं, ते काढायला प्रेक्षक आणि बॉय स्काउटची पोरं सुद्धा उतरली. रेषा दिसाव्यात म्हणून झाडू मारत राहावं लागत होतं. तिकिटं ऐंशी हजारांच्या वर गेलेली, अधिकृत हजेरी भरली ५०,५०३, आणि एवढ्या थंडीत एवढी माणसं आली हेच मला थक्क करतं. मॅच रद्द करायची चर्चा झाली होती. रद्द झाली असती तर ओहायो स्टेट ५-१ वरच राहिली असती, .८३३, आणि इलिनॉय हरल्यामुळे कॉन्फरन्सचं विजेतेपद घरबसल्या मिळालं असतं. ते खेळले. या निर्णयाबद्दल मला त्या टीमचा मनापासून आदर वाटतो.

हवामान कळलं की पंटचा अर्थ लागतो. फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, आणि साधारणपणे तीन फसले की चौथ्याला पंट करतात. पण बॉल बर्फासारखा गुळगुळीत, बोटं बधिर, तेव्हा बॉल स्वतःकडे ठेवणंच धोक्याचं, स्वतःच्या गोलजवळ तर जास्तच. म्हणून दोन्ही टीम पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नालाच पंट करून मोकळ्या होत होत्या: घे तू सांभाळ, चूक तुझ्याकडून होऊ दे. कुणाच्या हातून आणि कुठं चूक होते यावर मॅच ठरणार होती, आणि तशीच ठरली. आधी ऑर्टमनचा पंट ब्लॉक झाला, त्यातून ओहायो स्टेटला संधी मिळाली आणि जॅनोविचनं त्या वादळात फील्ड गोल मारला, ३-०. ही किक मला त्या वर्षातली सगळ्यात मोठी कामगिरी वाटते, समोरचे खांब नीट दिसतही नसताना मारलेली. मग मिशिगनचा कॅप्टन अल वॉल यानं जॅनोविचचा पंट ब्लॉक केला, बॉल एंड झोनमधून बाहेर गेला, सेफ्टीचे दोन, ३-२. आणि पहिला हाफ संपायला मिनिटभरही उरलेलं नाही, ओहायो स्टेट स्वतःच्या गोलजवळ, तिसरा प्रयत्न. वेळ काढत राहिले असते तर हाफ ३-२ वर संपला असता. कोच वेस फेस्लर यांनी तिसऱ्यालाच पंट करायला सांगितला. मिशिगनचा लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सचा खेळाडू, टोनी मॉमसेन मधून घुसला, पंट अंगावर घेतला, बॉल एंड झोनमध्ये पडला आणि तो त्याच्यावर पडला. टचडाउन, मग हॅरी अ‍ॅलिसची किक, ९-३. दुसऱ्या हाफमध्ये कुणालाच एकही पॉईंट मिळाला नाही. समोरच्या टीममध्ये टोनीचा सख्खा भाऊ बॉब मॉमसेन खेळत होता, त्या घरात त्या दिवशी काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

तर बॉक्स स्कोअर वाचायचा क्रम असा ठेवा: आधी यार्ड आणि फर्स्ट डाउन, त्यावरून कुणाची चाल चालली ते कळतं. ते स्कोअरशी जुळत नसेल तर पंट, ब्लॉक, फंबल (हातातून सुटलेला बॉल) आणि इंटरसेप्शन (समोरच्यानं मधेच पकडलेला पास) बघायचे. तेही समजत नसेल तर हवामान. आणि एकच मॅच घेऊन टीमला मोजायचं नाही, कारण याच ओहायो स्टेटनं ऑक्टोबरमध्ये आयोवाला ८३-२१ हरवलेलं आणि मिनेसोटाला ४८-०, आणि जॅनोविचलाच त्या वर्षीची हाइसमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळाली, धावायचा, पास टाकायचा, किक मारायचा, डिफेन्सलाही उभा राहायचा. त्या काळात खेळाडू बदलायची मोकळीक होती, बऱ्याच टीम अटॅक आणि डिफेन्सला वेगळे संच उतरवायच्या, १९५३ मध्ये ती मोकळीक काढून घेतली. म्हणून कुठल्या वर्षाचा सीझन वाचताय त्याप्रमाणे खेळाडूंची यादी वेगळी दिसते, ५२ आणि ५३ ची तुलना करताना हे विसरलात तर आकडे भलतंच सांगतील.

रँकिंगचं थोडक्यात सांगतो. तेव्हा एपी या वृत्तसंस्थेचा शेवटचा पोल, म्हणजे पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी, बोलच्या आधीच निघायचा. १९५० ला पहिला नंबर ओक्लाहोमाचा, मग ती शुगर बोलमध्ये केंटकीकडून ७-१३ हरली तरी नंबर तसाच राहिला. मिशिगन नववी, आणि तिच्या एक पायरी वर आठवी कोण तर मिशिगन स्टेट, तीच जिनं सप्टेंबरमध्ये तिला हरवलं होतं आणि जी अजून कॉन्फरन्सच्या फुटबॉलच्या टेबलात नव्हती. म्हणजे बिग टेनची चॅम्पियन आपल्याच राज्यात दुसरी होती. मिशिगनचा रोझ बोलचा विजय या पोलमध्ये धरलेलाच नाही. १ जानेवारी १९५१, समोर एकही मॅच न हरलेली कॅलिफोर्निया, हाफला मिशिगन ०-६ मागे, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये डॉन ड्यूफेकचे दोन टचडाउन, १४-६. कॅलिफोर्निया ओळीनं तिसऱ्या वर्षी रोझ बोल हरली.

सीझन संपल्यावर कोण गेलं, कोण आलं हेही काढायचं, कारण जुन्या सीझनचा परिणाम तिथं दिसतो. फेस्लर यांनी ओहायो स्टेट सोडली आणि मिनेसोटाला गेले, जिथं बर्नी बीअरमन यांचा शेवटचा सीझन १-७-१ असा गेलेला. ओहायो स्टेटनं मायामीचा, म्हणजे ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीचा कोच आणला, वुडी हेज, आणि तो माणूस १९७८ पर्यंत तिथंच राहिला. तिसऱ्या प्रयत्नाला केलेल्या त्या पंटचा धागा इथपर्यंत येतो.

हे सगळं शोधायचं कुठं, तर ऑनलाइन फुकट बरंच आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीनं वर्षवार निकाल ठेवलेत, मिशिगन डेली आणि डेली इलिनाय या विद्यार्थ्यांच्या पेपरांचे जुने अंक स्कॅन करून ठेवलेत. विद्यार्थ्यांचे पेपर नक्की वाचा, आणि एकाच मॅचसाठी दोन्ही गावांचे वाचा, हरलेल्या गावाचा पेपर जास्त तपशील देतो. तारीख शोधताना मॅचच्या दिवसाऐवजी पुढच्या अंकाची टाका, आणि ‘बिग टेन’नं काही सापडलं नाही तर ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ टाकून बघा.

पद्धत हातात बसली का ते बघायला १९५५ चा बिग टेन घ्या. ओहायो स्टेट कॉन्फरन्समध्ये ६-०, शेवटच्या मॅचमध्ये मिशिगनला १७-० हरवलेलं, तरी रोझ बोलला गेली मिशिगन स्टेट आणि यूसीएलएला १७-१४ हरवून आली. असं का झालं ते आता तुम्हाला ‘जाऊ शकते, नाही’ ची खूण केल्यावर लगेच दिसेल. ते झालं की १९५४ चा बिग सेव्हन, ही दुसरी कॉन्फरन्स, काढा, तिथं ओक्लाहोमा दहाच्या दहा जिंकूनही ऑरेंज बोलला नेब्रास्का गेली आणि ड्यूककडून ७-३४ हरली. शेवटच्या शनिवारचं टेबल मात्र स्वतःच्या हातानं बांधा, आयतं घेऊ नका.